शेवटच्या ओळीतली चूक

“मी मेले तरी त्या वर्गात पाय टाकणार नाही!” लेकीनं दप्तर भिरकावलं ते थेट इस्त्रीच्या टेबलावर, आणि मावशीनं गरम इस्त्री ऐन वेळी उचलली म्हणून बरं, नाहीतर गिऱ्हाइकाच्या शर्टाचं काही खरं नव्हतं!

मावशी म्हणजे लेकीची सावत्र आई. सख्खी आई गेल्यावर ही पोर ट्रक चालवणाऱ्या बापाबरोबर गावोगाव हिंडली, शाळा सुटली ती सुटलीच, आणि बापानं दुसरं लग्न केल्यावर पुन्हा वर्गात बसली तेव्हा शेजारी सगळी तिच्या कमरेएवढी पोरं! कुणाची भाषा वेगळी, कुणाचा मुलूख वेगळा, पण या चौदा वर्षांच्या उंच मुलीला ‘जिराफ’ म्हणायला मात्र झाडून सगळ्यांची एकी!

“बाबा आले की मी त्यांच्याबरोबर ट्रकवर जाणार,” लेक हुंदके देत म्हणाली. “तुला काय, तू सुटशील एकदाची!”

सुटशील! त्या एका शब्दानं मावशीच्या अंतःकरणाला केवढा चटका बसला... आणि शाळेच्या मोठ्या बाईंनी तर कालच निक्षून सांगितलं होतं, या महिन्यात मुलगी रोज आली नाही तर नाव कमी करावं लागेल. एकदा नाव गेलं की ही पोर परत शाळेचं तोंड बघणार नाही, हे मावशी पुरतं ओळखून होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मोठ्या बाईंसमोर जाऊन उभी राहिली. “बाई, मलाही तिच्याच वर्गात बसवा.”

“तुम्हाला?”

“हो, मला! वर्गात तिच्याहून मोठं कुणीतरी असलं म्हणजे झालं. बाकी माझं मी बघते.”

मोठ्या बाई आधी बघतच राहिल्या, मग हसल्या, मग त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. “या. पण चाचणी सगळ्यांबरोबर द्यावी लागेल हं!”

मावशी कामाला होती त्या लाँड्रीत सकाळच्या पाळीची मुख्य होण्याचा मान तिच्या अगदी दारात येऊन उभा होता. तिनं तो दुसरीला देऊन टाकला, स्वतःसाठी दुपारची पाळी मागून घेतली, आणि घरी कुणाला चकार शब्द सांगितला नाही.

मावशी आपल्याच वर्गात बसणार हे लेकीला कळलं तेव्हा तिनं घर डोक्यावर घेतलं. “माझ्यावर पहारा ठेवायला येतेयस तू!” पण मावशी वर्गात एकटी जाऊन काय गोंधळ घालेल या धास्तीनं का होईना, ती आली आणि बाकाच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसली.

गणिताच्या बाईंनी मावशीला फळ्यावर बोलावलं. अपूर्णांकांची बेरीज! दहावीला गणितात शाळेत पहिली आलेली ही बाई, पण लेकीला तिनं ते कधी सांगितलं नव्हतं, आणि आता तर सांगायची सोयच उरली नव्हती. तिनं सगळं गणित खडूनं नीट मांडलं, शेवटच्या ओळीशी आली, वळून एकदा लेकीकडे बघितलं... आणि लिहिलं, नऊ आणि दोन दहा!

वर्गात हशा पिकला. पोरं पोट धरधरून हसली, जिराफाकडे कुणी ढुंकूनही बघितलं नाही, आणि बाकाच्या त्या टोकाला बसलेली लेकही चक्क हसली! काय तो आनंद! मावशीला वाटलं, आत्ता इथं फळ्यासमोर नाचावं.

त्या रात्री मावशी पाळीवरून परतली तशी लेक आपण होऊन वही घेऊन आली. “अगं मावशी, असं काय करतेस? बघ, मी शिकवते.”

मग रोजच शिकवणी! मावशीला समजावून सांगायचं म्हणून लेक आधी स्वतः मान मोडून अभ्यास करायची, मावशी रोज चुकायची, लेक कपाळावर हात मारायची, आणि वर्गातली बारकी पोरंही हळूहळू अडलं की तिच्याच भोवती गोळा व्हायला लागली.

चाचणीच्या आदल्या दिवशी मात्र लेकीनं मावशीची पाटी स्वतःकडे ओढली. शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

“मावशी... ज्याला येत नाही तो कुठेही चुकतो. तू रोज शेवटच्याच ओळीत कशी चुकतेस? आणि नऊ आणि दोन दहा? लाँड्रीत कपडे मोजताना तर एक रुमालसुद्धा इकडचा तिकडे होऊ देत नाहीस!”

मावशीच्या तोंडचं पाणी पळालं. संपलं सगळं! “रागाव माझ्यावर, हवं तेवढं बोल... पण शाळा सोडू नकोस गं, पाया पडते तुझ्या!”

“ती सगळी तुला हसत होती... मीसुद्धा हसले!” लेकीनं पाटी बाजूला सारली. “आणि तू हसू दिलंस?”

“मला हसली म्हणून काय झालं? तुला हसायची थांबली ना!”

लेक तिच्या गळ्यात पडली आणि दोघी ओक्साबोक्शी रडल्या. जरा वेळानं लेकीनं नाक पुसलं आणि ठामपणे म्हणाली, “उद्यापासून तू यायचं नाहीस. मी एकटी जाणार.”

एकटी! मावशीचा जीव कसा राहावा? सकाळी लेक निघाली तशी तीही चोरपावलांनी मागोमाग गेली आणि शाळेच्या भिंतीआड उभी राहिली. फाटकात पोरांचा घोळका होता, आणि त्यांच्यात लेक ताठ मानेनं उभी होती.

“जिराफ, तुझी ती ‘ढ’ मावशी कुठंय?” कुणीतरी ओरडलं.

“ढ नाहीये ती! तुम्हा सगळ्यांना शिकवेल एवढं येतं तिला, माझ्यासाठी चुकत होती ती,” लेकीचा आवाज खणखणीत आला. “आणि मावशी नाही, आई आहे माझी! पुन्हा तिला कुणी हसलं, तर माझ्याशी गाठ आहे!”

आई! मावशीनं तोंडावर दोन्ही हात दाबून धरले... तेवढ्यात घंटा झाली, लेक सगळ्यांच्या पुढे वर्गात गेली, आणि भिंतीआडची ती बाई हसत, रडत, पदर सावरत घराकडे पळत सुटली.