गाडी झोपत नाही

सांगते सगळं. फक्त मध्येच "असं कसं होईल, मॅडम?" म्हणून अडवू नका. ते वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटलेत.

मी गाडी शिकवते. सव्वीस वर्षं झाली. सकाळी सहा ते बारा आणि दुपारी चार ते आठ. मधल्या वेळात गाडी ऑफिसच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी असते, आणि मी वरच्या खोलीत चार घास खाऊन पाठ टेकते. जुनी पेट्रोलची गाडी होती तोवर या क्रमात कधी खंड पडला नाही. मग आमच्या ह्यांनी डोक्यात भरवलं, की शिकवायला विजेची गाडी बरी. क्लच नाही, धूर नाही, लोक लवकर शिकतात. घेतली. पांढरी, लहानशी. माझ्या बाजूला जादा ब्रेक बसवून घेतला. आमच्या धंद्यात तो लागतोच. शिकणाऱ्याचा ब्रेक आणि माझा ब्रेक खालून एकाच दांड्याला जोडलेले असतात. मी दाबला की त्याचा खाली जातो, त्याने दाबला की माझा.

पहिलं वर्ष बरं गेलं. नंतर एका सोमवारी चार वाजता गाडी चालू केली, तर पडद्यावर बावन्न टक्के. बारा वाजता मी स्वतः चौसष्ट बघितले होते. उभ्या गाडीचे बारा टक्के गेले कुठे? दुसऱ्या दिवशी अकरा गेले, तिसऱ्या दिवशी तेरा. रात्रभर गाडी तशीच ठेवून पाहिली, तर एक टक्काही हलला नाही. जे काय व्हायचं ते दुपारीच.

"तू एसी चालू ठेवून येत असशील," हे म्हणाले.

"मी?"

"मग काय, गाडी स्वतःच लावते?"

कंपनीला फोन केला. अर्धा तास एकच टिंगटिंग ऐकवली आणि मग एक गोड आवाजाची मुलगी आली. "मॅडम, उभ्या गाडीची बॅटरी थोडी उतरतेच."

"थोडी म्हणजे किती?"

"महिन्याला दोन-तीन टक्के."

"माझी रोज दुपारी बारा उतरते."

"असं कसं होईल, मॅडम?"

सर्व्हिस सेंटरमधल्या मेकॅनिकला आम्ही सगळे 'अपडेट' म्हणतो. डोकं दुखतंय म्हटलं तरी तो म्हणेल, नवीन अपडेट टाकून बघू. त्याने टाकलं. काही फरक नाही. मग म्हणाला, मोबाइलमधलं ॲप काढा, ते गाडीला सारखं उठवत असेल. काढलं. मग म्हणाला, किल्ली पत्र्याच्या डब्यात ठेवा, तिचा सिग्नल गाडीपर्यंत पोहोचत असेल. तेही केलं. बिस्किटांच्या डब्यात किल्ली ठेवून, त्यावर झाकण दाबून मी दुपारी आडवी व्हायचे. आमचे हे त्या डब्याला 'तिजोरी' म्हणायला लागले. शेवटी अपडेटने गाडी तीन दिवस स्वतःकडे ठेवून घेतली. तिथे एक टक्काही उतरला नाही. "गाडी एकदम ठणठणीत आहे," म्हणाला. घरी आणली त्या दुपारी पुन्हा बारा गेले. मी गाडीच्या चाकाला लाथ मारली. दोन दिवस लंगडत होते.

यात आणखी एक कटकट होती. चार वाजता मी गाडी उघडायचे तेव्हा चालकाची सीट पार पुढे सरकलेली असायची आणि मधला आरसा खाली वळलेला. मी सकाळच्या शेवटच्या मुलीला दोनदा झापलं. ती बिचारी साडेपाच फूट उंच. तिने एवढी पुढे सीट घेतली असती, तर गुडघे स्टिअरिंगला लागले असते. हे माझ्या लक्षातच आलं नाही. आणि गाडीत वास यायचा, बारीकसा. शिवणयंत्राच्या तेलाचा आणि खडूचा. दारात उभं राहिलं तर यायचा, आत बसलं की विरायचा.

अशा गोष्टींवर कोण विचार करत बसतं? मला पुढच्या शिकणाऱ्याची घाई असायची.

मग चौकातला तो प्रकार झाला. एक निवृत्त पोस्टमास्तर शिकायला यायचे. सरळ, सावकाश माणूस. त्या दिवशी दुपारची उतरण जरा जास्तच झाली होती, पण दोन शिकवण्या निभतील असा माझा हिशेब होता. भर चौकात गाडीने मान टाकली. पडदा काळा. मागून ट्रक येत होता. त्याचा हॉर्न, टायर घासल्याचा तो आवाज... ट्रक थांबला तो आमच्या मागच्या काचेपासून वीतभरावर. मास्तरांचे हात स्टिअरिंगवरून सुटेनात. मी एकेक बोट सोडवलं. ते उतरले, फुटपाथवर गेले, आणि चालत घरी निघून गेले. पुन्हा आले नाहीत. त्यांच्या मागोमाग आणखी तिघं गेली. गावभर झालं, मॅडमची गाडी रस्त्यात मरते.

गाडी ओढून सर्व्हिस सेंटरला नेली आणि मी अपडेटवर तोंडसुख घेतलं. अख्खं वर्कशॉप हातातली कामं सोडून ऐकत होतं. त्याने लॅपटॉप जोडला आणि गाडीच्या नोंदी उघडल्या. बराच वेळ वाचत बसला. मग आवाज खाली आणून म्हणाला,

"मॅडम, गाडी झोपत नाही."

"म्हणजे काय?"

"गाडी बंद करून माणूस उतरला, की ती थोड्या वेळाने झोपते. सगळं बंद होतं. तुमची दुपारी झोपत नाही. तिला वाटतं, आत कुणीतरी बसलंय."

"सेन्सर बिघडला असेल."

"मीही हेच म्हणालो असतो." त्याने पडदा माझ्याकडे वळवला. "हे बघा. काल. एक वाजून दहा मिनिटं. चालकाच्या सीटवर वजन. एक अकरा, पट्टा लागला. एक बारा, डावा इंडिकेटर. मग उजवा. मग ब्रेक. ब्रेक. ब्रेक... परवाही हेच. तेरवाही."

"दार कधी उघडलं?"

"दार उघडल्याची नोंद नाही."

अपडेटने लॅपटॉप हळूच मिटला. "काल दोनशे चौदा वेळा ब्रेक दाबलाय, मॅडम. कुणीतरी... शिकतंय."

खरं सांगू? भीती नंतर वाटली. आधी माझ्यातल्या मास्तरणीने ओळखलं. इतके ब्रेक मारणारी मी आयुष्यात एकच बघितली होती.

ती टेलरबाई. चाळिशीची, ठेंगणी, गळ्यात मापाची टेप तशीच ठेवून यायची. दुपारी दुकान बंद असायचं म्हणून एकची वेळ मागितली होती. माझ्या विश्रांतीची वेळ! दिली, पण मनापासून नाही. ती बुडाखाली लहानशी उशी घ्यायची, सीट पार पुढे ओढायची, आरसा खाली करायची. आणि ब्रेक! रिकाम्या रस्त्यावर ब्रेक. कावळा उडाला, ब्रेक. लोक पंधरा दिवसांत शिकतात. तिचे बावीस दिवस झाले. बाविसाव्या दिवशी माझी मान मागे आदळली, आणि मी ओरडले, "अहो, पाय आहे की हातोडा? तुम्हाला या जन्मात गाडी यायची नाही!"

तिने उशी काढली, झटकली, काखेत धरली. "बरं," म्हणाली. पुन्हा आली नाही. मला सुटल्यासारखं झालं. खोटं कशाला बोलू?

त्या संध्याकाळी मी तिच्या दुकानावर गेले. शटर अर्धं खाली होतं. आत तिची धाकटी बहीण मशीनवर बसली होती. तोच वास. मी माझं काम सांगितलं, तशी तिचे हात थांबले.

"ताई गेली, मॅडम. चार महिने झाले."

"कशाने?"

"काही कळलंच नाही. इथेच, मशीनवर बसल्या बसल्या. दुपारी एकच्या सुमाराला." तिने मशीनच्या पायट्याकडे बोट केलं. "शेवटचे आठ दिवस सुईखाली कपडा न धरताच मशीन चालवत बसायची. मी विचारलं, हे काय करतेस? तर म्हणाली, मॅडम म्हणतात माझा पाय जड आहे, हलका करतेय."

मी तारीख विचारली. तो रविवार होता. दुसऱ्या दिवशीच्या सोमवारी माझ्या गाडीचे पहिले बारा टक्के गेले होते.

ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, "गाडी विकून टाक." पण कुणाला विकणार? आणि काय सांगून? रात्रभर तळमळले. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी परत आणवली, एक वाजता मी शेडमध्ये गेले आणि गाडीत माझ्या जागेवर जाऊन बसले. शिकवणारीच्या.

पत्रा तापून मध्येच कडकड वाजत होता. बाहेर चिटपाखरू नव्हतं. घामाने माझी पाठ सीटला चिकटली होती. किल्ली वर, डब्यात. एक वाजून पाच. सात. नऊ...

पडदा उजळला. एसीची गार हवा माझ्या मनगटावर आली. शेजारची सीट पुढे सरकायला लागली. कटक... कटक... कटक... एकेक खाच. शेवटच्या खाचेला थांबली. पट्टा आपोआप बाहेर आला, हवेत कशालातरी वळसा घालून खाली उतरला आणि खट्‌ करून अडकला. आरसा खाली झुकला. खडूचा वास इतका दाटला, की माझ्या जिभेवर चव आली.

मग माझ्या पायाखालचा ब्रेक खाली गेला.

मी दाबला नव्हता. तो खाली गेला, आणि माझा पाय त्याच्याबरोबर ओढला गेला. पुन्हा वर. पुन्हा धाडकन खाली. आणि माझ्या तोंडून, देवाशपथ सांगते, किंकाळी नाही निघाली. सव्वीस वर्षांची सवय निघाली.

"अहो, हळू!"

ब्रेक तिथेच थांबला. मग माझ्या तळव्याखालून हळूहळू वर आला. कुणीतरी श्वास रोखून पाय उचलावा तसा.

आता मात्र भीती वाटली. दाराचा खटका हाताच्या अंतरावर होता, पण हात उठेना. बाजूला बघायची हिंमत नव्हती. समोरच्या भिंतीवर नजर लावून मी शिकवायला सुरुवात केली. दुसरं काय येतं मला?

"आरसा बघा... आता इंडिकेटर. टाच जमिनीला टेकू दे... नुसता चवडा वापरा. अंड्यावर पाय ठेवलाय असं समजा..."

गाडी शेडबाहेर निघाली. ऑफिसच्या मागच्या मोकळ्या जागेत आम्ही फेऱ्या घेतल्या. किती, ते मोजलं नाही. पहिल्या फेऱ्यांना धक्के बसले. मग कमी झाले. शेवटी गाडी शेडमध्ये वळली आणि भिंतीपासून हातभर अंतरावर उभी राहिली. थांबलेली मला कळलीसुद्धा नाही.

"जमलं," मी म्हणाले. "जमलं हो तुम्हाला... माझंच चुकलं होतं."

मग पट्टा सैल झाला आणि सर्रकन आत गेला. पडदा विझला. वास गेला.

दुसऱ्या दिवशी चार वाजता चौसष्टचे चौसष्ट. तिसऱ्या दिवशीही. अपडेटने फोन करून विचारलं, "मॅडम, नवीन अपडेट लागू पडलं ना?" मी हो म्हटलं. शिकणारे परत यायला लागले. दुपारी मला झोप लागायला लागली. दोन महिने असेच गेले.

गेल्या गुरुवारी बारा वाजता पुन्हा चौसष्ट होते. चार वाजता खाली आले, तर एकोणीस.

एकोणीस! पंचेचाळीस टक्के! मला आधी संतापच आला. मी तिथूनच ह्यांना हाका मारल्या. चाकाला हात लावला, टायर भाजेल इतका गरम. किलोमीटरचा आकडा बघितला, तो दुपारी होता तिथेच. चालकाची सीट अगदी पुढे. हे जिना उतरत म्हणत होते, "आता काय झालं? कंपनीला फोन लाव ना." मी मागचं दार उघडलं.

मागे तीन पट्टे आहेत. तिन्ही लावलेले होते.

रिकाम्या सीटवर लावलेला पट्टा ताणून सीटला चिकटतो, हे तुम्हालाही माहीत असेल. हे चिकटलेले नव्हते. कडेचे दोन सीटपासून चांगले वीतभर पुढे, गोल होऊन, तसेच अधांतरी उभे होते. आणि मधला, सगळ्यात आखूड, श्वासासारखा हलकेच वर-खाली होत होता.