बाळाच्या नावाचं पाणी

शहाऐंशी सालच्या अक्षय्य तृतीयेची रात्र. लवू परब भांडुपच्या कंपनीतून सेकंड शिफ्ट संपवून निघाला तो घरी गेलाच नाही, सायकल काढून सरळ हायवेवर गेला. काम साधंच होतं. त्याची आई, विमलाबाई, सकाळपासून हायवेच्या कडेला पाण्याचा घडा घेऊन बसली होती. तिला घरी पाठवायचं आणि तिच्या जागी आपण बसायचं. लवू माझ्याच खात्यात, माझ्या शेजारच्या मशीनवर होता, म्हणून ही गोष्ट ऐकीव समजून सोडू नका. अर्धी मला त्यानं सांगितली. उरलेली ज्यानं सांगितली त्याचं नाव पुढे येईलच.

रतन, तू कशाला हसतोस? खाली तुझी नवी बाइक उभी आहे, आणि परवा घोडबंदरला कुणाशी तरी शर्यत लावून आलास हे मला कळलंय. म्हणून तर सांगतोय. लाइट गेलेत, गच्चीवर जरा वारा आहे, गुमान ऐक.

आधी तो घडा कसला ते सांगतो. घरात कुणी गेलं की नंतरच्या पहिल्या अक्षय्य तृतीयेला त्याच्या नावानं पाण्याचा घडा द्यायचा, मेलेल्या जिवाचा घसा वैशाखात ओला व्हावा म्हणून. लोक तो भटजीला देतात. परबांच्या घरात मात्र निराळी रीत होती. माणूस जिथं पडला तिथं घडा न्यायचा, आणि वाटेनं येणारा जो पहिला स्वतःहून पाणी मागेल त्याला मेलेल्याच्या नावानं हाक मारून द्यायचा. कुणाला बोलावून पाजायचं नाही. आता हायवेवर कोण थांबतंय पाणी मागायला! म्हातारी दिवसभर डोक्यावर पदर घेऊन बसली. ट्रक गेले, टँकर गेले, एकाही माणसानं ब्रेक मारला नाही.

उठताना ती लवूला म्हणाली, "जो आपणहून मागतलो तो आपलो बाळो समज. कोण आसा, कसो आसा, बघू नको. आणि भरलेलो घडो घराक हाडू नको. माझो झील वरीसभर तानेलो रवात."

बाळा म्हणजे लवूचा थोरला भाऊ. तिथंच एका गोदामावर रखवालदार होता. आदल्या मे महिन्यात रात्री ड्यूटीवर जाताना एका लाल गाडीनं त्याला उडवलं. दोन सीटांची, जमिनीला चिकटून पळणारी परदेशी गाडी. अख्ख्या मुलुंडात तशी एकच होती. ती कुणाची आणि चालवतं कोण, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. एका बिल्डरचा मुलगा, चंद्रप्रकाश. दोस्त त्याला सी.पी. म्हणायचे. पण कागदावर काय आलं? गाडी घरचा ड्रायव्हर चालवत होता, आणि मयत जागच्या जागी खलास. ड्रायव्हर जामिनावर सुटून गावी गेला आणि चंद्रप्रकाश महिन्याभरात पुन्हा त्याच रस्त्यावर त्याच गाडीत! ऐपत बापाची आणि मस्ती पोराची. मला आजही त्या कागदाची आठवण झाली की तळपायाची आग मस्तकात जाते.

त्यांचा खेळ असा असायचा. दोन गाड्या एका रेषेत उभ्या करायच्या, मधे रुमाल धरून एकानं उभं राहायचं, रुमाल खाली आला की दोघांनी सुटायचं. वळण नाही, थांबणं नाही, पुढच्या पुलाला जो आधी पोचेल तो जिंकला. बाळा पडला त्याच जागेपासून रस्ता सुतासारखा सरळ जातो, म्हणून त्यांची रेषाही तिथंच.

लवू घड्याशेजारी बसला. तिजेची चंद्रकोर कधीच मावळली होती. एका बाजूला हायवे, दुसऱ्या बाजूला मिठागरं. पान हलत नव्हतं, डांबर अजून गरम होतं. साडेबाराच्या सुमाराला मुलुंडकडून दोन गाड्या आल्या. पुढे ठाण्याच्या कुणा पोराची पांढरी फियाट, मागे ती लाल. लाल गाडीच्या बॉनेटमधून वाफ निघत होती. ती बरोबर लवूच्या समोर येऊन थांबली.

आतून जो उतरला तो चंद्रप्रकाश. घामानं शर्ट पाठीला चिकटलेला, हातात सिगारेट. त्यानं लवूकडे नीट पाहिलंसुद्धा नाही.

"ए हिरो, पाणी आहे का?"

दिवसभरात पाणी मागणारा तो पहिला माणूस.

लवू मला सांगायचा, "सहदेवदादा, हाताशी दगड होता. उचललाही होता मी." आणि उचललेला दगड त्यानं खाली ठेवला. का? तर आईनं बघू नको म्हणून सांगितलं होतं. भाऊ वर्षभर तहानलेला राहील म्हणाली होती. लवूनं दोन्ही हातांनी घडा उचलला, दात आवळून म्हणाला, "बाळा, पाणी घे."

"कोण बाळा? दे इकडे." चंद्रप्रकाशनं घडा ओढून घेतला आणि बॉनेट उघडलं.

त्याच्याबरोबर इसिडोर होता, मरोळच्या गावठाणातला, गाड्यांचं काम करणारा. ही बाकीची गोष्ट मला त्यानं सांगितली. तो पुढे आला. "सी.पी., सोड रे. मडक्याला हळदकुंकू लागलंय बघ. कुणाच्या मयताचं पाणी दिसतंय. पेट्रोलपंपावर जाऊया."

"पाणी ते पाणी. तू झाकण काढ."

इसिडोरनं काढलं नाही. मग चंद्रप्रकाशनंच फडकं गुंडाळून रेडिएटरचं झाकण फिरवलं, वाफ जाऊ दिली आणि घडा उपडा केला. एक थेंब तोंडाला लावला नाही. घडा रिकामा झाल्यावर त्यानं तो मागे भिरकावला. खापऱ्या रस्त्यावर उडाल्या.

लवूचं डोकं फिरलं. बरोबरच आहे, माझंही फिरलं असतं! ज्यानं भाऊ मारला त्याला भावाच्या नावानं हाक मारली, पाणी दिलं, आणि हा नालायक ते प्यायलाही नाही. गाडीला पाजलं. त्याच गाडीला! लवूनं त्याची कॉलर धरली.

"ते माझ्या भावाचं पाणी होतं. परत दे."

"कोण भाऊ?"

"बाळा परब. तू उभा आहेस ना, तिथंच पडला होता."

चंद्रप्रकाशच्या हातातली सिगारेट पडली. पण दचकला तो क्षणभरच. मग तो हसला. "ती केस ड्रायव्हरवर आहे, भाई. मला काय विचारतोस? आणि पाणी पाहिजे तर घे काढून रेडिएटरमधून." फियाटमधली पोरं फिदीफिदी हसली.

लवूनं कॉलर सोडली, गाडीला वळसा घातला, दार उघडलं आणि शेजारच्या सीटवर जाऊन बसला. "जिथं पाणी जाईल तिथं मी येणार. आईला रिकाम्या हातानं काय सांगू?"

"बस," चंद्रप्रकाश म्हणाला. "तुझं वजन घेऊनपण जिंकतो." दोस्तांसमोर माघार कशी घेणार!

गाड्या रेषेत लागल्या. इसिडोर रुमाल घेऊन मधे उभा राहिला. काचा खाली होत्या, तरी आत भट्टी पेटल्यासारखं गरम होत होतं. चंद्रप्रकाशनं ॲक्सिलेटर दाबला, इंजिन गुरगुरलं, हेडलाइटचा झोत लांबवर गेला.

"पुढे कोण उभंय?" चंद्रप्रकाश म्हणाला.

"इसिडोर," लवू म्हणाला.

"इसिडोर नाही. त्याच्या मागे… लांब."

लवूनं पाहिलं. झोताच्या टोकाला कुणीतरी होतं. वाकलेलं. माणूस आहे एवढंच कळत होतं.

रुमाल पडला.

गाडी सुटली. पाठ सीटला आपटली. फियाट दिसेनाशी झाली. इंजिन नुसतं ओरडत होतं. दोन्ही बाजूंनी काळोख मागे पळत होता. पण समोरचा तो… तेवढ्याच अंतरावर. जवळ येईना. लांब जाईना.

पूल यायला हवा होता. आला नाही.

"पूल कुठे गेला?" चंद्रप्रकाश म्हणाला.

लवूला थंडी वाजत होती. मे महिन्यात. दातावर दात आपटत होते. त्यानं समोरच्या काट्यांकडे पाहिलं. गाडी किती तापली ते दाखवणारा काटा खाली येत होता. खाली… आणखी खाली… शेवटच्या खुणेच्याही खाली.

समोरच्यानं हात पुढे केले. दोन्ही हात. ओंजळ.

"ब्रेक मार," लवू म्हणाला.

"मारलाय!"

आणि मग इंजिनचा आवाज गेला. एकदम. वाऱ्याचाही गेला. नुसती शांतता… आणि त्या शांततेत बॉनेटखालून दुसराच आवाज यायला लागला.

घटक्…

घटक्… घटक्…

खूप तहानलेला माणूस पाणी पितो ना… श्वास न घेता… तसा.

चंद्रप्रकाशनं स्टिअरिंगवर डोकं टेकलं. तो रडत होता. "मी दिलं असतं," तो म्हणाला. "शप्पथ दिलं असतं…"

"काय दिलं असतं?"

"पाणी… तो मागत होता. पडल्यावर… बराच वेळ… पाणी पाणी करत होता. डबा होता माझ्याकडे. पण गाडी उकळली होती रे… बंद पडली असती तर पकडला गेलो असतो… मग डबा गाडीत ओतला… आणि निघालो."

ऐकलंत? जागच्या जागी खलास, असं कागदावर होतं! त्या एका वाक्यावर म्हातारीनं वर्ष काढलं होतं. त्रास नाही झाला माझ्या पोराला, असं आल्यागेल्याला सांगायची. आणि तो तिथं डांबरावर पाणी मागत पडला होता, आणि हातात पाण्याचा डबा घेतलेला माणूस त्याला ओलांडून गाडीकडे गेला. भुताची भीती वाटते तुम्हाला? मला अशा माणसांची वाटते.

लवूचे हात चंद्रप्रकाशच्या गळ्याकडे गेले. मिनिटभर आधी त्यानं ते कबूल केलं असतं तर गळा सुटलाच नसता, असं लवू स्वतः सांगायचा. पण तेवढ्यात घटक् घटक् थांबलं.

कुणीतरी सुस्कारा सोडला.

बॉनेटवर वजन आल्यासारखी गाडी पुढून दबली… आणि हळूच वर आली.

चंद्रप्रकाशनं दार उघडलं आणि पळत सुटला. रस्ता उतरून थेट मिठागरात. लवू सुन्न होऊन बसून राहिला. मग कुणीतरी त्याचा दंड धरून त्याला बाहेर ओढलं. इसिडोर होता.

"कधीपासून हाका मारतोय! कानात बोळे घातलेत काय?"

"तू इथं कसा आलास? आपण कुठं आहोत?" लवूनं विचारलं.

इसिडोरनं बोटानं खाली दाखवलं. चाकाशेजारी घड्याच्या खापऱ्या पडल्या होत्या. गाडी रेषेवरच होती. रुमाल पडला, फियाट गेली, लाल गाडी जागची तसूभर हललीच नाही. इंजिन फुटेस्तोवर ओरडत होतं आणि हे दोघं समोर टक लावून बसले होते, असं इसिडोर मला येशूची शपथ घेऊन म्हणाला. बॉनेट एवढं तापलं होतं की लाल रंगाचे फोड येऊन पापुद्रे उडत होते. जवळ जाववत नव्हतं. आणि लवू आत थंडीनं कुडकुडत होता.

इसिडोरनं नंतर गाडी तपासली. म्हणाला, गिअर पडला नसेल, पाणी संपून इंजिन जाम झालं असेल, होतं असं उन्हाळ्यात. मी विचारलं, पाणी गेलं कुठं? नळी फुटली नव्हती, खाली ओल नव्हती.

चंद्रप्रकाश उजाडताना सापडला. मिठागराच्या खाचरात गुडघे टेकून तो ओंजळीनं खारं पाणी पीत होता. ओठ फुटून रक्त आलेलं, तरी पीत होता. चौघांनी धरून ओढला तेव्हा थांबला. वाचला म्हणे, पुढे बापानं परदेशी पाठवला. कागदावर आजही गुन्हेगार तो ड्रायव्हरच आहे.

लवूनं पोलिसांत जाऊन सगळं सांगितलं. कुणी लिहून घेतलं नाही. उलट मिठागरात त्या पोराला ढकललं कुणी, असं त्यालाच विचारलं! चोर सोडून संन्याशाला.

पण त्याआधी, त्याच पहाटे, म्हातारी चालत हायवेवर आली. लवू गाडीशेजारी खाली बसला होता. आईला काय सांगावं हे त्याला कळेना. पाणी मागणारा कोण होता ते सांगावं? बाळा कसा गेला ते सांगावं? तिनं फुटका घडा पाहिला. एवढंच विचारलं, "पावला काय रे त्याका?"

लवूनं नुसतं गाडीकडे बोट दाखवलं.

मग तीच गाडीपाशी गेली. बॉनेटचा सगळा रंग जळून पत्रा काळा पडला होता. पुढच्या बाजूला, रेडिएटरच्या अगदी वर, दोन जागा मात्र कोऱ्या लाल राहिल्या होत्या. दोन पंजे. बोटं फाकलेली, अंगठे आतल्या बाजूला. ओणवं होऊन पाणी पिताना माणूस आधाराला हात टेकतो ना, तसे. विमलाबाईनं आपले दोन्ही हात त्यांच्यावर ठेवले. बराच वेळ ठेवले.

"लवू," ती म्हणाली, "थंड लागता रे."

ती गाडी पुढं बरीच वर्षं पोलीस चौकीच्या मागच्या आवारात सडत होती. पावसानं पत्र्याची चाळण झाली, चाकं कुणीतरी नेली. एकदा मे महिन्यात, ऐन दुपारी, मी मुद्दाम वाट वाकडी करून गेलो होतो. पत्र्यावर हात टेकला तर चटका बसून फोड आला.

पंजे तसेच होते, लाल. मग त्यांच्यावर हात ठेवला.

तळवे ओले झाले.