सकाळी रुसणारा ट्रम्पेट

“ओमकार, हळू! ट्रम्पेट आहे तो, सुकत घातलेला बोंबील नाही!” नेत्रा ओरडली.

खुंटीवरचा ट्रम्पेट काढता काढता ओमकार स्टुलावर डगमगला, पण पडला मात्र नाही. खाली उभ्या असलेल्या वेदिकाने तेवढ्यात त्याचा फोटोही काढला. वेदिका म्हणजे नेत्रा आणि ओमकार या बहीणभावांची मामेबहीण. नाताळच्या सुट्टीत ठाण्याहून त्यांच्या गावी, भाट्याला आली होती आणि आल्यापासून दिसेल त्याचे फोटो काढत सुटली होती, अगदी कालच्या सुरमईचेसुद्धा!

आज तिघंही रिक्षाने पूल ओलांडून रत्नागिरीत आली होती. खालच्या आळीत भागोजी मेस्त्रींचा कारखाना होता. कारखाना म्हणजे काय, तर एक लांबडी खोली, एक भट्टी आणि भिंतभर खुंट्यांना टांगलेली बँडची वाद्यं. पितळेच्या पत्र्यापासून ट्रम्पेट घडवणारा त्या आळीत दुसरा माणूस नव्हता.

नेत्राला नवा ट्रम्पेट पसंत करायचा होता. वयाच्या तेराव्या वर्षी ती नुकतीच भाट्याच्या बँडमध्ये शिरली होती, तीही बँडमधली पहिली मुलगी म्हणून! बाबांनी मुंबईहून फोनवर बजावलं होतं, “ट्रम्पेट घ्यायचा तो मेस्त्रींकडचाच!”

“बाय, ठेव तो खुंटीवर,” कोपऱ्यातून भागोजीआजोबांचा आवाज आला. “माझ्याकडचा नको घेव. मुंबईवरून मागव.”

नेत्रा बघतच राहिली. सहा वर्षांची असताना पहिली फुंकर मारायला तिला याच आजोबांनी शिकवलं होतं. तेव्हा तिच्या ट्रम्पेटमधून म्हशीसारखा आवाज निघाला होता आणि आजोबा म्हणाले होते, “झ्याक!”

“का हो आजोबा? काय झालं?”

“काय व्हायचाय? तुमच्या बँडने महिन्याभरात माझे दोन ट्रम्पेट परत पाठवलेन. दोघांची एकच तक्रार. सकाळी पिस्टन हलत नाय.”

ट्रम्पेटवर बोटांखाली तीन पिस्टन असतात. ते झरझर खाली-वर झाले तर सूर बदलतात. ते अडकले, की ट्रम्पेट नुसता भोंगा!

“मग आत काय बिघडलं होतं?” ओमकारने विचारलं.

“तोच तर घोर लागलाय रे! दोन्ही खोलले. काय सापडला नाय. दोष दिसला असता तर काढला असता. दिसतच नाय, म्हणजे डोळे गेले. हातपण गेला.” आजोबा हातातल्या हातोड्याकडे बघत म्हणाले, “परवा शनिवारी सकाळी नऊला भंगारवाला येतोय. साचे, हातोडे, सगळा देऊन टाकतोय.”

नेत्राला एकदम रडू आलं. तिने ते गिळलं, परत आलेला एक ट्रम्पेट टेबलावरून उचलला आणि पिस्टन दाबून पाहिले. सरसर खाली गेले, टुणकन वर आले!

“आजोबा, हा तर मस्त चालतोय!”

“इथे चालतो गो. तुमच्याकडे नाय चालत.”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. इथे चालतो आणि तिथे अडतो? काहीतरी गडबड होती!

“आजोबा, शनिवारपर्यंत हा आमच्याकडे राहू द्या,” नेत्रा म्हणाली. “आणि तोवर कशालाही हात लावायचा नाही. शप्पथ?”

आजोबांनी नुसता ट्रम्पेट फडक्यात गुंडाळून तिच्या हातात दिला.

परतताना रिक्षात ओमकारने जाहीर केलं, “खारा वारा! दुसरं काही नाही. समुद्राच्या वाऱ्याने पिस्टन गंजत असणार.”

“एका रात्रीत?” वेदिका म्हणाली. “मग तुझ्या डोक्यालाही गंज चढला असेल!”

पण बघायला काय हरकत होती? ट्रम्पेट रात्रभर त्यांच्याच घराच्या ओटीवर राहिला. शुक्रवारी सकाळी सात वाजता तिघंही कुडकुडत भाट्याच्या किनाऱ्यावर गेली. नेत्राने ट्रम्पेट ओठांना लावला. सा, रे, ग, म... एकही सूर अडला नाही! वाळूवर जाळं झाडणारे दोन काका काम थांबवून ऐकत राहिले.

“गेला तुझा खारा वारा!” वेदिका हसली.

“मग उरलं कोण?” ओमकार खाली बसला आणि वाळूत बोटाने रेघा ओढू लागला. “ते दोन्ही ट्रम्पेट राहायचे कुठे? निलेशकाकांच्या घरी! आणि निलेशकाकांना हवाय मुंबईचा सोनेरी ट्रम्पेट. रोज मोबाइलवर त्याचा फोटो दाखवतात सगळ्यांना. म्हणजे तेच मुद्दाम...”

“छे! काका असं करणार नाहीत,” नेत्रा म्हणाली खरी, पण तिच्याही मनात पाल चुकचुकली.

निलेशकाका यंदाच बँडमास्टर झाले होते. मनाने दिलदार, पण बोलायला लागले की थांबायचं नाव नाही! संध्याकाळी तिघं त्यांच्या घरी गेली.

“काका, हा ट्रम्पेट आजच्या रात्री तुमच्याकडे ठेवाल?” नेत्राने साळसूद चेहऱ्याने विचारलं. “आम्हाला नीट सांभाळता येत नाही.”

“अरे, मग योग्य ठिकाणी आलात!” काका खूश झाले. “वाद्य कसं सांभाळायचं, ते या निलेशकडून शिकावं. वेदिका, व्हिडिओ काढ, व्हिडिओ!”

काकांनी मऊ धोतराचं फडकं काढलं. तान्ह्या बाळाला न्हाऊ घालावं तसा ट्रम्पेट पुसला. मग एकेक पिस्टन बाहेर काढून त्याला बाटलीतलं तेल चोळलं.

“मेस्त्री प्रत्येक ट्रम्पेटबरोबर तेलाची एक इवलीशी बाटली देतात. रॉकेलसारखा वास येतो तिला! मी ती फाटकाच्या बिजागरीत ओतली. फाटकाची करकर गेली बघा! वाद्याला मात्र आपलं घरचं तेल. एकदम शुद्ध!”

ओमकारचे डोळे काकांच्या हातांवरून हलले नाहीत. पण काकांनी ना काही वाकवलं, ना ठोकलं. उलट कपाटात ठेवताना ट्रम्पेटला नमस्कारसुद्धा केला!

शनिवारी सकाळी सातला तिघं पुन्हा हजर! काकांनी ट्रम्पेट आणला. नेत्राने पिस्टन दाबला. तो अर्ध्यावर जाऊन तसाच बसला!

“बघा! बघा! मी काय सांगत होतो?” काकांनी मांडीवर थाप मारली. “मेस्त्री माणूस भला, पण आता वय झालं त्यांचं. नेत्रा, आपण मुंबईचा घेऊ.”

तिघंही खालमानेने घरी आली. नऊ वाजता भंगारवाला येणार होता. ट्रम्पेट मांडीवर घेऊन नेत्रा पायरीवर बसली आणि आता मात्र तिचे डोळे भरून आलेच.

“वेदिका, न्हायचंय ना आज?” आईने आतून हाक मारली. “तेलाची बाटली उन्हात ठेव गं आधी!”

“उन्हात? कशाला, आत्या?”

“अगं, थंडीत खोबरेल थिजतं ना! सकाळी एक थेंब पडेल तर शपथ.”

वेदिका दोन पावलं चालली आणि जागच्या जागी थांबली. मग तिने नेत्राच्या मांडीवरचा ट्रम्पेट हिसकावून नाकाला लावला.

“नेत्रा! वास घे! वास घे याचा!”

नेत्राने वास घेतला. ओमकारने घेतला. मग आपल्या डोक्याचाही घेता येतो का ते पाहिलं.

“खोबरेल!” तिघं एकदम किंचाळली.

ट्रम्पेट अंगणाच्या दगडी गडग्यावर उन्हात ठेवला गेला. पाच मिनिटं... दहा... वीस! नेत्राने पिस्टन दाबला. सरसर खाली, टुणकन वर!

“चला काकांकडे!” ओमकार उठला. “जाऊन सरळ सांगू.”

“सांगून ऐकतील ते?” वेदिका म्हणाली. “बोलायला लागले तर नऊ तिथेच वाजतील. त्यांनाच बोलायला लावू!”

आठच्या सुमाराला काका अंगणात चहा पीत बसले होते. नेत्राने झोकात चार सूर वाजवले आणि ट्रम्पेट काकांच्या हातात दिला. काकांनी पिस्टन दाबून पाहिले. पुन्हा दाबून पाहिले.

“हा आत्ता कसा चालला? मघाशी तर...”

“काका,” वेदिका मध्येच म्हणाली, “मला न्हायचंय आणि घरचं तेल संपलंय. तुमचं शुद्ध तेल द्याल थोडं? काल तुम्ही ट्रम्पेटला लावलंत ना, तेच!”

“अगं, घे की!” काकांनी कपाटातून बाटली आणली, तिच्या तळहातावर उपडी केली. थेंब नाही! त्यांनी बाटली हलवली, बुडावर दोन थापट्या मारल्या. तरी नाही! “थिजलंय गं. थंडीत असंच होतं याचं. जरा उन्हात ठेवलं, की...”

काका थांबले. त्यांनी एका हातातल्या बाटलीकडे पाहिलं. मग दुसऱ्या हातातल्या ट्रम्पेटकडे. निलेशकाका चक्क गप्प बसले, हे भाट्यात पहिल्यांदाच घडत होतं.

“अरे देवा!” शेवटी ते म्हणाले. “मी काय केलं हे!”

“काका, ते नंतर!” नेत्राने त्यांचा हात ओढला. “आधी रिक्षा!”

खालच्या आळीत रिक्षा वळली, तेव्हा कारखान्यापुढे टेम्पो उभा होता. भट्टीची चिमणी, हातोडे, भोंग्याचा लोखंडी साचा, सगळं वर चढलं होतं. भागोजीआजोबा दाराला टेकून उभे होते. भंगारवाल्याने टेम्पो सुरू केला.

“थांबा!” नेत्रा टेम्पोपुढे जाऊन आडवी उभी राहिली. “आजोबा, तुम्ही शप्पथ घेतली होती!”

“मी कुठे घेतली गो?” आजोबा गोंधळून म्हणाले. “आणि निलेशला कशाला आणलास?”

निलेशकाकांनी पुढे होऊन कान पकडले. “मेस्त्रीकाका, चूक माझी. तुमचं तेल मी फाटकाला घातलं आणि ट्रम्पेटला घातलं खोबरेल. रात्री थिजायचं, सकाळी पिस्टन जाम!”

आजोबांनी ट्रम्पेट घेतला, एक पिस्टन बाहेर काढला आणि नाकाशी नेला.

“मग मी खोलला तेव्हा मला तेल कसा दिसला नाय?”

“साबणाच्या गरम पाण्याने धुऊन पाठवले होते ना! दुसऱ्याकडे वस्तू मळकी पाठवायची नाही, असं आमच्या आईने शिकवलंय.”

“म्हणजे चुकीचा पुरावापण धुतलास!” आजोबा हसायला लागले. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी पुसलंही नाही. “आणि माझा हात? हाताचा काय?”

“तुमचा हात एकदम झ्याक आहे, आजोबा!” नेत्रा म्हणाली.

मग काय! साचा उतरवायला ओमकार, काका आणि खुद्द भंगारवालाही लागला. त्याच्या तोंडावरची नाराजी आजोबांनी चहावर मिटवली. निलेशकाका आळीतल्या येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगत होते, “या तीन पोरांनी मला माझ्याच तोंडून पकडलं हो! काय डोकी आहेत!”

“अशी पोरा असली तर म्हाताऱ्यांनी घाबरायचा कशाला?” आजोबांनी तिघांच्याही पाठीवर हात फिरवला. “बोल बाय, कुठला ट्रम्पेट हवा तुला?”

नेत्राने भिंतीकडे बोट दाखवलं. आजोबांनी मान हलवली.

“ह्यातला एकपण तुझा नाय.”

नेत्राचा चेहरा उतरला.

“हे सगळे बाप्यांच्या हाताचे. तुझी बोटा ताणतायत, काल-परवाच बघितला मी.” त्यांनी सुतळीचा तुकडा घेतला आणि तिच्या अंगठ्यापासून करंगळीपर्यंत धरून गाठ मारली. “तुझ्या हाताचा नवा घडवतो. शिमग्याला पालखीपुढे तोच वाजवायचास.”

नेत्राने आजोबांना घट्ट मिठी मारली.

“बस, बस! सुतळी सुटेल!” आजोबांनी पितळेचा पत्रा ओढून पुढ्यात घेतला आणि हातोडा उचलला. “आता बाजूला व्हा बघू सगळी. मला काम हाय!”

तिघंही मुकाट्याने बाजूला झाली. कोणी असं दटावून बाजूला केल्यावर इतका आनंद होऊ शकतो, हे त्यांना त्या दिवशीच कळलं.