पूर्वपाय

त्या काळात ड्रायव्हरचा पाय पडायच्या आधीच गाडीला कळायचा. आंबा घाट चढून कोल्हापूरला मासळी नेणाऱ्या एकूण एक ट्रकात साखरप्याच्या भालचंद्र सुतारनं बसवलेला डबा होता, आणि डब्यातल्या करामतीला नाव होतं पूर्वपाय.

आता हे प्रकरण काय, ते सांगायला हवं. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून दाबून तापवायची आणि नेमक्या क्षणी तिच्यात इंधनाचा बारीक फवारा सोडायचा, की तो आपोआप पेटतो. फवारा कधी आणि किती, यावर गाडीचा सगळा जोर. कंपनीचा कंट्रोलर फवारा वाढवतो तो पाय दाबल्यावर. मग जादा हवा कोंबणारा टर्बो अंगात येईपर्यंत सेकंद-दीड सेकंद जातो, आणि घाटात तेवढ्यात पुढे घुसायची संधी हुकते. भालचंद्र म्हणजे पुण्यात दहा वर्षं इंजिनांवर संशोधन करून गावी परतलेला माणूस. तो म्हणाला, पायाची वाट बघायचीच कशाला? माणसाची सवय काही सुटत नाही. त्याच वळणावर, त्याच चढाला तो तेच करतो. डब्यानं आठ दिवस पाय नुसता बघावा, आणि मग पाय पडायच्या आधीच फवारा वाढवावा. पायाच्या आधीचा पाय, म्हणून पूर्वपाय. शंभरातले सत्त्याण्णव अंदाज बरोबर यायचे. ड्रायव्हर लोक तर खुळे झाले होते त्याच्यापायी.

एका दुपारी स्वप्नाली बिर्जे गॅरेजात आली आणि तिनं पिशवीतून असाच एक डबा काढून टेबलावर ठेवला. एका बाजूनं चेपलेला.

"भावजी, पोलिसांनी काल परत दिला. त्यानं पाय दाबला का नाही, हे यात कळतं ना?"

'तो' म्हणजे तिचा नवरा नितेश, भालचंद्रचा शाळेपासूनचा दोस्त. खिंडीच्या अलीकडच्या वळणावर ओव्हरटेक मारणं ही नितेशची खोड सगळ्या घाटाला ठाऊक होती. बायकोनं किती डोकं फोडलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी एका सकाळी त्यानं आपणहून लेकीच्या, आर्याच्या, डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, की आजपासून त्या वळणावर ओव्हरटेक नाही. आणि त्याच दिवशी, त्याच वळणावर, टँकरच्या उजवीकडून निघालेला त्याचा ट्रक दरीत गेला. समोरच्या बसमधल्या लोकांनी डोळ्यांनी बघितलं होतं.

त्याला अकरा महिने झाले. स्वप्नालीनं घरात त्याचा फोटो लावला नव्हता. ती धड रडलीही नव्हती. तिला नुसता राग यायचा.

"पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध आहे," ती म्हणाली. "काल आर्या म्हणते, मी पाया पडणार नाही. खोटारड्याच्या कशाला पडू? काळजात चर्र झालं हो. हे मीच शिकवलं तिला. पण माझी समजूत नका घालू तुम्ही. दाबला असेल तर दाबला म्हणा."

भालचंद्रनं डबा संगणकाला जोडला. पडद्यावर दोन रेघा आल्या, एक हिरवी, एक तांबडी.

"हिरवी त्याच्या पायाची," तो म्हणाला. "तांबडी डब्याच्या अंदाजाची."

"हिरवी तर खाली आहे."

"खालीच आहे. टँकरच्या मागे तो गपगुमान चालला होता, वहिनी. पाय उचललेला. पण त्या वळणाच्या सहाशे आठवणी होत्या डब्याकडे. सहाशे वेळा त्यानं तिथं पाय दाबलेला. डब्यानं धरलं, आजही दाबणार. फवारा पुरा उघडला, गाडी टँकरवर झेपावली. धडक वाचवायला त्यानं उजवीकडे घेतली, तर समोर बस. बघणाऱ्याला ते ओव्हरटेकच दिसणार."

"आणि ब्रेक?"

"हा इथं. लगेच दाबलाय."

"मग डब्याला कळलं नाही?"

"कळलं. दोन सेकंदांनी."

"एवढा वेळ का?"

भालचंद्रनं कीबोर्डवरचा हात काढला. त्या रेघा वाचणारा दुसरा माणूस अख्ख्या तालुक्यात नव्हता. डबा बिघडला होता म्हटलं असतं, तरी निभावलं असतं. अकरा महिने त्यानंही मित्रालाच दोष दिला होता, आणि त्या दोषाआड तो सुखानं झोपत होता.

"डब्यात एक आकडा असतो," तो खाली बघत म्हणाला. "आम्ही त्याला विश्वास म्हणतो. खरा पाय आणि अंदाज यांचं जुळलं नाही, तर डब्यानं कुणाचं किती वेळ ऐकायचं, ते त्यावर ठरतं. आकडा जितका मोठा, तितका जास्त वेळ डबा आपलाच अंदाज चालवतो. पाचाच्या वर नेऊ नये. नित्याचा नऊ होता."

"कुणी केला?"

"मी. तो मागे लागायचा, भाल्या, अजून थोडा वाढव. पण हात माझाच." आणि राहवेना म्हणून तो पुढचंही बोलून गेला. "त्या दिवशी भरलेली गाडी घेऊन तो इथं आला होता. म्हणाला, पाटी कोरी कर."

"म्हणजे?"

"डबा शिकलेला असतो ते सगळं पुसायचं. ड्रायव्हर बदलला की आम्ही ते करतोच. पण त्यानं गाडी आठ दिवस मरगळते, म्हणून सीझनात कुणी पुसू देत नाही. मी म्हटलं, ड्रायव्हर तोच आहे की, पाटी कशाला? तर म्हणाला, तोच नाही रे, पोरीची शपथ घेऊन आलोय." भालचंद्रनं पडद्याकडे पाठ केली. "मी हसलो, वहिनी. म्हटलं, कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच. जा, आठ दिवसांत आहेस तसा होशील."

स्वप्नालीनं पडद्यावरच्या तांबड्या रेघेवर बोट ठेवलं.

"किती वेळा पाय उचलला असता, म्हणजे डब्यानं त्याचं ऐकलं असतं?"

भालचंद्रनं मनात हिशेब केला. "दीड-दोनशे वेळा."

"म्हणजे वर्षभर."

"जवळजवळ."

"आणि त्याची ती पहिलीच वेळ."

बाहेर रस्त्यावरून मासळीचे ट्रक घाटाकडे निघाले होते. प्रत्येकात भालचंद्रचा डबा. त्यांतल्या कुणी नुकतीच दारू सोडली होती, कुणाला परवा मुलगी झाली होती आणि तो आता जपून चालवत होता. डब्यांना यातलं काही माहीत नव्हतं. ते कालच्या माणसाला ओळखत होते, आणि आजच्याची गाडी त्याच्या ताब्यात देत होते. हे आपल्याला आधी कसं सुचलं नाही, असं भालचंद्रला वाटलं, आणि त्याची त्यालाच शरम वाटली.

"डब्याला चूक कळायला दोन सेकंद लागले," स्वप्नाली म्हणाली. "मला अकरा महिने लागले, भावजी."

आणि मग ती रडली. टेबलावर डोकं टेकून, मोठ्यानं, त्याचं नाव घेऊन रडली. भालचंद्र तिच्यासमोर हात बांधून उभा राहिला.

थोड्या वेळानं तिनं पदरानं तोंड पुसलं, डबा पिशवीत घातला आणि ती उठली.

"चला. आर्या शाळेतून आली असेल. बाबा खोटं बोलले नव्हते, हे तिला तुम्ही सांगायचं."

"सांगतो, वहिनी."

"आणि तुम्ही हसलात, तेही सांगायचं."