अंगणातली रेघ

मंगळवारी दुपारी चार वाजून चाळीस मिनिटांनी भागूबाई भिंगारदिवे यांच्या अंगणात बिबट्या आला आणि ओट्यापासून अकरा फुटांवर थांबला. ओट्यावर झोळीत त्यांची सहा महिन्यांची नात एस्तेर झोपली होती. वीसेक मिनिटांनी तो उसात परत गेला.

वनरक्षक कल्याण साडेपाचला पोचला. राहुरीच्या या पट्ट्यात बिबट्याचं कुणाला नवल उरलेलं नाही. ऊसतोड सुरू झाली की आडोसा जातो आणि तो वस्तीवर येतो. कल्याणने टेप लावून ठसे मोजले. नर, पूर्ण वाढलेला. पण पुढच्या पंजांची नखं मातीत दोन बोटं रुतली होती आणि मागचे पाय घसरले होते. मागून ओढून धरलं की बैल असे पाय रोवतो. ठशांच्या मागे, थेट उसापर्यंत, बोटभर रुंद रेघ होती. वाकून पाहिलं तर तिच्यात दोराचा पीळ उमटलेला.

"कुनीतरी पाळलेला असंल," तो म्हणाला.

"बिबट्या?" भागूबाईंची सून जया फणकारली. "मग दूध बी घालत असंल डेअरीला!"

बुधवारी पिंजरा लावला, आत शेळी बांधली. झोळी घरात घेतली. बिबट्या शेळीकडे फिरकलासुद्धा नाही. वेळ तीच; थांबला नऊ फुटांवर. गुरुवारी सात. रेघ उसात दहा पावलं जाऊन विरायची. तिथं खुंटी नव्हती, माणसाचं पाऊल नव्हतं. कल्याणने अहवालात रेघेबद्दल एक ओळ लिहिली आणि खोडली.

"आज्जी, उद्या पाच फूट," तो भागूबाईंना म्हणाला. "नगरला जयावहिनींच्या भावाकडं जावा सगळ्या."

भागूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांचे यजमान चाळीस वर्षं चर्चचे पाळक होते. जगाच्या शेवटल्या काळाची शिकवण त्यांनी घरातच ऐकलेली.

"सैतानाला बी आपल्या मनानं पाऊल टाकता येत न्हाई, बाळा. जेवढं सोडलंय तेवढंच त्यो येतो. दावं कुनाच्या हातात हाय, ते मला ठावं हाय."

"मग ते लांबतंय कशापायी?"

त्यांचा हात सुपात थांबला.

"शेवटाला त्याला थोडा येळ मोकळं सोडनार, असं शिकवलंय आमाला. का सोडनार, ते न्हाई सांगितलं."

"आत्या, तुमचा देवावर भरवसा हाय, माझा बी हाय," जया म्हणाली. "पन पोरगी एवढीशी हाय हो."

भागूबाईंनी सूप बाजूला ठेवून झोळीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "धनी चांगला हाय म्हनून कुनी लेकरू दाव्याच्या टप्प्यात निजवत न्हाई. जा तू. मी हितंच हाय."

शुक्रवारी सकाळी शेजारच्या आसारामच्या टेम्पोतून जया एस्तेरला घेऊन नगरला गेली. दुपारी भागूबाई ओट्यावर बसल्या. कल्याण आत, खिडकीशी. चार चाळीस झाले. पाच झाले. भागूबाईंचे ओठ हलत होते. कुणी आलं नाही.

शनिवारी सकाळी ठसे सापडले. अंगणात नाही, वस्तीतून बाहेर पडणाऱ्या कच्च्या रस्त्यावर, टेम्पोच्या चाकोरीत.

नखं आत. पावलं सारख्या अंतरावर, निवांत.

रेघही होती. आजवर ती बिबट्याच्या मागे असायची.

आता ती पुढे होती. पंजे तिच्यावर पडले होते.

भागूबाईंनी वाकून पाहिलं. "नेलंय त्याला," त्या म्हणाल्या.

"कुठं?"

"जयाला फोन लाव."

दुपारी बारा वाजता जयाचा फोन लागला. एस्तेर बरी आहे.

ठसे आणि रेघ मनमाड रस्त्यापर्यंत जातात. तिथून एका बाजूला शिर्डी, दुसऱ्या बाजूला नगर. डांबरावर काही उमटत नाही. कल्याणने दोन्हीकडे दोन-दोन किलोमीटर कडेची माती तपासली आहे. अजून काही मिळालेलं नाही.