नोकरीवरची कालवं

“नऊ शिक्के झाले, एकच राहिला!” थ्येशाननं वही फटकन मिटली. “आज वानफू पूल उरकला की उरलेली सुट्टी आपल्या बापाची!”

“आपल्या बापाला सुट्टी नसते,” रुइचू म्हणाली. “तू पाय उचल.”

रुइचू बारा वर्षांची, तिचा आतेभाऊ थ्येशान तेरा आणि त्याची बहीण श्याओमान नऊ. चीनमधल्या छ्वानचौच्या त्यांच्या शाळेनं सुट्टीचा अभ्यास दिला होता. शहरातल्या दहा पुरातन जागा बघा, प्रत्येक ठिकाणच्या एका कोरीव दगडाचा कागदावर शाईनं ठसा घ्या आणि त्यावर तिथल्या कार्यालयाचा सही-शिक्का आणा. शिक्क्याशिवाय मुलांनी काही पाहिलं असेल यावर शाळेचा विश्वास नव्हता. जुळे दगडी मनोरे, जुनी मशीद, समुद्रदेवी मात्सूचं देऊळ, सगळं घाम पुसत पाहून झालं होतं. वानफू पूल शेवटी ठेवला, कारण तो घरचाच. त्यांचे आजोबा, आ-गोंग, तीस वर्षं त्या पुलाचे राखणदार होते.

ओहोटी लागली होती. श्याओमान कठड्यावरून खाली वाकली आणि ओरडली, “ताई! पुलाचे दात कुणी घासले?”

पुलाचे सगळे खांब शेकडो वर्षांच्या कालवांनी मढलेले, करडे आणि खडबडीत. तिसरा मात्र पांढराशुभ्र! त्याच्या पायाशी शिंपल्यांचा हा ढीग! चौथ्या खांबाला शिड्या लागल्या होत्या आणि पाच-सहा माणसं लोखंडी पाती घेऊन खसाखस खरवडत होती.

रुइचू चपला हातात घेऊन चिखलात उतरली. तिसऱ्या खांबाचा खालचा एक दगड तिनं सहज ढकलला. दगड डुगडुगला!

“थ्येशान! हा हलतोय!”

“तूच हललीस.”

“मग तू ढकलून बघ, पैलवान.”

थ्येशाननं ढकललं. मग तो पुलाकडे वर बघत हळूच बाजूला झाला.

आ-गोंग पुलाच्या टोकाला आपल्या कपड्यांच्या गाठोड्यावर बसले होते. “घरी चला,” ते म्हणाले. “उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलंय मला.”

“का? काय केलंत तुम्ही?”

“कामगारांची शिडी ओढून घेतली. सरकारी कामात अडथळा म्हणे!”

“पण ती कालवं...”

“माझे वडील सांगायचे, पुलाची कालवं खायची नाहीत, ती नोकरीवर आहेत. दगड धरून ठेवायची नोकरी. भरतीत चुना धुऊन जातो, कालव चिकटून राहतं. हे मी सुशोभन कार्यालयाच्या ओउयांग साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, लेखी आहे का?”

“आहे का?” श्याओमाननं विचारलं.

“वडील म्हणायचे, पुलाच्या तोंडाशी तसा हुकूम कोरलेला दगड होता. एका मोठ्या वादळात त्याच्यावरची शेड पडली आणि दगड कुठे गेला कुणास ठाऊक. तीस वर्षं शोधतोय.” आ-गोंगनी खाली खरवडणाऱ्या माणसांकडे पाहिलं. “दोन दिवसांत सगळे खांब असेच करतील. मग एका चांगल्या वादळाचं काम आहे.”

रुइचूनं वही काखेत मारली. “चला रे. शिक्का तर आणायचाच आहे!”

पुलाच्या सुशोभनासाठी नेमलेलं कार्यालय पुलाच्या तोंडाशीच होतं. ओउयांग साहेब चहा करत होते. ते सकाळपासून चहा करत होते, आणि मध्येमध्ये सुशोभन.

“बसा बाळांनो, चहा घ्या!” साहेब मनानं वाईट नव्हते. “शनिवारी प्रांतातून पाहुणे येतायत. पाहुणे काय शिंपले बघायला येतात? पूल कसा चकचकीत दिसायला हवा!”

“साहेब, तिसऱ्या खांबाचा दगड हलतोय,” रुइचू म्हणाली.

“जुना आहे. या वयात थोडं हलायचंच!”

त्यांनी झटकन किटली वाकडी केली. इटुकल्या कपांत चहा पडला, त्याहून जास्त बाहेर सांडला. टेबल म्हणजे एक लांबरुंद दगडी लादी होती. तांबूस पाणी तिच्यावरून पसरत खाचांमध्ये शिरलं, आणि रुइचूचा कप ओठांपाशीच थांबला. त्या खाचा म्हणजे नक्षी नव्हती. अक्षरं होती! एका जागी तर स्पष्ट दिसत होतं: ‘कालव’.

तिनं टेबलाखालून थ्येशानला लाथ मारली.

“आई गं!”

“चहा गरम आहे त्याला,” रुइचू गोड आवाजात म्हणाली. “साहेब, टेबल किती सुंदर आहे हो! कुठून आणलंत?”

“माझं स्वतःचं संशोधन!” साहेब फुलले. “मागे कोंबड्यांच्या खुराड्याला टेकवलेलं होतं, चिखलानं पार माखलेलं. चार वर्षं झाली. एक थेंब मुरत नाही!”

आ-गोंगना हे कधीच दिसलं नव्हतं, कारण राखणदारानं आत चहाला बसायची पद्धत नव्हती.

“आम्हाला एका जुन्या दगडाचा ठसा हवाय,” रुइचू म्हणाली. “याचाच घेऊ? शाळेत भिंतीवर लावतात. खाली तुमचं नाव येईल.”

“नाव? अरे, घ्या ना!”

कप हलले. श्याओमाननं टेबल पुसलं, थ्येशाननं ओला पातळ कागद पसरून खाचांत दाबून बसवला आणि रुइचूनं शाईच्या बोळ्यानं टप टप टप करत कागद काळा केला. अक्षरं पांढरी उमटत गेली. साहेब तेवढ्यात आरशात पाहून केस नीट करत होते, कारण थ्येशाननं फोटोचा विषय काढला होता.

“आता इथे लिहा साहेब: मूळ दगडावरून घेतलेला खरा ठसा. आणि सही.”

साहेबांनी लिहिलं, झोकदार सही केली आणि ठाप्! शिक्का मारला.

“आता वाचते हं,” रुइचू म्हणाली. “प्रांताधिकाऱ्यांचा हुकूम. या पुलाच्या खांबांवरची कालवं कुणीही काढू नयेत. पूल त्यांनी धरला आहे. काढणाऱ्यास वीस फटके. काढू देणाऱ्या अधिकाऱ्यास... चाळीस.”

साहेब ठशावर वाकले.

“हे... हे फार जुनं आहे,” साहेब म्हणाले. “आठशे वर्षं तरी झाली असतील!”

“हो. पण रद्द केल्याचा कागद आहे का?”

“तो... नसावा.”

“मग तुम्ही करा ना रद्द!” थ्येशाननं अदबीनं पेन पुढे केलं. “सहीच तर करायची! खाली ‘खरा ठसा’ असंही तुम्हीच लिहिलंय.”

साहेबांनी पेनाकडे पाहिलं. बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी वरच्याची सही असल्याखेरीज कशावरही सही केली नव्हती. आणि इथला वरचा इतका वर पोहोचला होता की त्याला फोनही लागत नव्हता.

पुढच्या मिनिटाला साहेब कठड्याला पोट टेकवून ओरडत होते, “थांबा! शिड्या काढा! एक कालव हलता कामा नये!”

खरवडणारे थांबले. चौथा खांब अर्धा वाचला, तिसरा सोडून बाकीचे पूर्ण.

शनिवारी पाहुणे आले. त्यांतल्या इंजिनिअर बाई गमबूट घालून थेट चिखलात उतरल्या आणि बराच वेळ वर आल्याच नाहीत. आल्या तेव्हा त्यांचा चेहरा गंभीर होता. “अजून दोन खांब खरवडले असते तर पूल बंद करावा लागला असता! कुणाच्या लक्षात आलं हे?”

“चहा घेताना माझ्या—” ओउयांग साहेबांनी सुरुवात केली. मग तिघांकडे पाहून ते खाकरले. “माझ्यासमोर, या मुलांच्या.”

बाईंनी तिघांशी हात मिळवले आणि विचारलं, “इथले राखणदार कुठे आहेत?” आ-गोंग त्याच दिवशी कामावर परतले.

सोमवारी ओहोटीला किनाऱ्यावर कालवांची शेती करणारी मंडळी टोपल्या भरून कालवांची पिल्लं चिकटलेले शिंपले घेऊन आली. तिसऱ्या खांबाच्या फटींमध्ये ते एकेक बसवायचे होते. आ-गोंग गुडघाभर चिखलात रुइचूशेजारी उभे होते.

“तीस वर्षं मी उन्हातान्हात शोधलं,” ते म्हणाले. “तू बसून, चहा पिऊन शोधलंस! माझ्या वडिलांना फार आवडली असतीस तू.”

रुइचू लाजून खांबाकडे वळली. “आ-गोंग, यांची पकड बसायला किती दिवस?”

“दिवस? तीन वर्षं.”

“तोवर?”

“तोवर कुणीतरी रोज येऊन बघायचं.”

तिनं बोटांवर हिशेब केला. तेव्हा ती पंधरा वर्षांची असेल. मग तिनं पुढचा शिंपला उचलला, फटीत घातला आणि अंगठ्यानं घट्ट दाबला. “धर हं,” ती त्याला म्हणाली. भरतीचं पहिलं पाणी तिच्या घोट्याला लागलं होतं, आणि अजून दोन टोपल्या बाकी होत्या.