मेबलच्या मागच्या नळ्या

"मी नाही सांडलं!" वेंडेलने तिसऱ्यांदा सांगितलं आणि तिसऱ्यांदाही कुणी विश्वास ठेवला नाही.

मेबल नावाच्या गाडीत मागच्या सोफ्यापाशी गालिचा चिकट झाला होता आणि त्याला गोड वास येत होता. वेंडेलची ख्यातीच अशी, की कुठे गोड वास आला की सगळे आधी त्याच्याकडे बघायचे. त्याच्या वडिलांनी, म्हणजे कर्टिसकाकांनी, मेपल सिरप त्यानेच सांडलं असा निकाल देऊन टाकला आणि त्याला कोरडे पॅनकेक खायला लावले.

मेबल हे ऑर्विल आजोबांचं मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घरच, आणि तिन्ही नातवंडांपेक्षा वयाने कितीतरी मोठं. दर उन्हाळ्यात आजोबा थिया, तिचा धाकटा भाऊ कॅल्विन आणि त्यांचा चुलतभाऊ वेंडेल यांना तिच्यात भरून घाटापलीकडच्या तळ्यावर नेत. यंदा कर्टिसकाकाही बरोबर होते, आणि निघण्याआधी पायथ्याच्या गॅरेजवाल्या हॅस्केलने इंजिनाच्या सगळ्या नळ्या बदलून दिल्या होत्या. तरी घाटाच्या मध्यावर इंजिन तापलं आणि तापमानाचा काटा लाल रेघेला भिडला. गाडी कशीबशी खाली उतरवून आजोबांनी ती पायथ्याशी मुक्कामाच्या कॅम्पग्राउंडवर लावली.

हॅस्केल आला, पुढच्या दोन सीटांमधलं इंजिनाचं झाकण उचलून आत डोकावला. पाणी कमी झालं होतं, पण एक थेंबही गळत नव्हता. म्हणजे पाणी इंजिनच पितंय, त्याने जाहीर केलं, आता ही गाडी भंगारात द्या, संध्याकाळी ट्रक आणून ओढून नेतो. कर्टिसकाकांनी लगेच मान डोलावली, कारण त्यांना कधीपासून मोटेलचा मऊ बिछाना दिसत होता. आजोबांनी स्टिअरिंगवरची धूळ बाहीने पुसली आणि बाहेर लाकडी बाकावर जाऊन बसले. ते बघून थियाला फार वाईट वाटलं.

वेंडेलला मात्र आपली अब्रू वाचवायची होती. तो कपाटातून सिरपची बाटली घेऊन आला. "हे बघा. सील तरी तुटलंय का?"

"तू काय, सील न तोडताही पिशील," कॅल्विन म्हणाला. मग त्याचं लक्ष स्वतःच्या पायांकडे गेलं. तो चिकट गालिच्यावर उभा होता आणि त्याचा पांढरा मोजा हिरवा झाला होता.

"हिरवं सिरप?" म्हणत वेंडेलने बोट बुडवून तोंडाकडे नेलं. थियाने त्याच्या हातावर फटका मारला.

"वेडा आहेस का? कूलंट आहे ते, इंजिन थंड ठेवणारं पाणी. विषारी असतं."

"पण इंजिन तर पुढे आहे," कॅल्विन म्हणाला. "त्यातलं पाणी इथवर कसं येईल?"

थिया विचारात पडली. शाळेच्या बसचं इंजिनही पुढेच असतं. तरी हिवाळ्यात शेवटच्या सीटसाठी मारामारी होते, कारण तिथे खाली हीटर असतो आणि बर्फाने भिजलेले मोजे त्यावर वाळत घालता येतात. त्या हीटरला ऊब कुठून मिळते? इंजिनाच्या गरम पाण्यातूनच!

तिघांनी गाद्या उचलून फेकल्या आणि सोफ्याची फळी काढली. खाली एक पत्र्याचा हीटर निघाला. त्याला जोडलेल्या दोन राखाडी, भेगाळलेल्या रबरी नळ्या गाडीच्या तळाच्या भोकांत शिरल्या होत्या.

संध्याकाळी हॅस्केल ट्रक घेऊन आला तेव्हा थियाने त्याला गोड आवाजात विचारलं, "सगळ्या नळ्या नव्या घातल्यात ना?"

"सगळ्या. काळ्या कुळकुळीत."

"मग दोन मिनिटं इथे गालिच्यावर बसाल का, प्लीज?"

हॅस्केल हसत बसला. आजोबांनी इंजिन चालू केलं. थोड्याच वेळात हॅस्केल ओरडत उठला. त्याची पँट मागून हिरवीगार झाली होती! आजोबा कित्येक तासांनी पहिल्यांदा हसले.

"हाताला लागल्या तेवढ्या सगळ्या बदलल्या होत्या," हॅस्केल पुटपुटला. पण आता त्याने दुसरीच अडचण सांगितली. या नळ्या पेट्रोलच्या टाकीवरून जातात. तिथे हात पोचत नाही. त्यासाठी टाकी उतरवायला हवी, आणि ऐन हंगामात एवढा वेळ त्याच्याकडे नव्हता.

थिया सवयीप्रमाणे हूडीची नाडी चावत होती. ती एकदम थांबली. नाडी बदलताना आई जुनीला नवी बांधते आणि जुनी ओढून घेते. आत हात घालायची गरजच पडत नाही. तिने तीच युक्ती नळ्यांसाठी सगळ्यांना सांगितली.

हॅस्केलने गॅरेजमधून नव्या नळ्यांचं भेंडोळं आणलं. आजोबांनी मार्शमेलो भाजायच्या काडीचे तुकडे तासले, जुन्या आणि नव्या नळीच्या तोंडांत घट्ट बसवले, वरून टेप गुंडाळली. वेंडेलने भांड्यांचा साबण चोपडला. पुढून आजोबा आणि काका ओढू लागले, मागून मुलं नळी आत सरकवू लागली. पहिली नळी आली. दुसरी थोडी आत जाऊन अडली.

"जोर लावू नका, जोड सुटेल!" थिया ओरडली.

कॅल्विन तळाच्या भोकाशी पालथा पडला आणि त्याने आपला काडीसारखा हात खांद्यापर्यंत आत घातला. टेपचं टोक एका बोल्टला अडकलं होतं. त्याने ते चाचपून सोडवलं. "ओढा!" आणि नळी सुळकन पुढे निघाली.

सकाळी हॅस्केलने पुढची चाकं फळ्यांवर चढवून नळ्यांतली हवा काढली, कूलंट भरलं, आणि मेबल घाटाला लागली. मागून तो रिकामा ट्रक घेऊन येत होता, लागलाच तर असावा म्हणून. कालच्या वळणावर सगळ्यांनी श्वास रोखला. काटा मध्यावरच होता. माथ्यावरही तो तिथून हलला नाही. आजोबांनी लांबलचक हॉर्न वाजवला, मुलांनी आरडाओरडा करून गाडी डोक्यावर घेतली.

हॅस्केलने खाली उतरून टोपी काढली. "पुढची गाडी आली की मी आधी मागे वाकून बघेन," तो थियाला म्हणाला.

आजोबांनी तिघांना एकदमच मिठीत घेतलं. "मी हिला निरोप दिला होता रे," ते म्हणाले. "तुम्ही परत मिळवून दिलीत."

तळ्याकाठी दुपारी पॅनकेक झाले. कर्टिसकाकांनी बाटलीचं सील स्वतः तोडलं. "माझं चुकलं, वेंडेल," असं म्हणून त्यांनी त्याच्या ताटलीत सिरप ओतायला सुरुवात केली, आणि पॅनकेक त्यात पार बुडून गेले तरी वेंडेल काही "पुरे" म्हणेना.